राग नाही, आवाजच मोठा आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. सकाळ.
बायको, ज्योत्स्ना, आजपासून अकोल्याला नोकरीवर रुजू. बडनेरा स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीसाठी तिला ऑटोत बसवून दिलं. रोज जाणं-येणं करणार, दिवेलागणीला परत. तोपर्यंत घर, लेक खुशी आणि माझं वर्क फ्रॉम होम, तिन्ही माझ्याकडे. खुशी अडीच वर्षांची आहे. अडीच वर्षांच्या माणसाला सांभाळायला असं लागतं तरी काय? सिस्टिम लागते.

पुण्याच्या कंपनीत मी चिडलेले कस्टमर सांभाळतो. सगळीकडे शिव्या देऊन झाल्या की ते माझ्याकडे येतात आणि थंड होऊन जातात. राग हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. मला स्वतःला तो येत नाही.

आई मदतीला येऊन राहिली होती. काल दर्यापूरच्या एसटीनं परत गेली. कारण क्षुल्लक. ती खुशीला टीव्ही लावून भरवत होती. मी तिला एका तज्ज्ञाचा व्हिडिओ दाखवला. मग आणखी एक दाखवला. तिसरा लावला तर ती पिशवी भरायला लागली. जाताना म्हणाली, “तुले काय मी व्हिडिओ पाहून वाढवलं का?” जुन्या पिढीला शिकायचंच नाही.

संकल्प: खुशीवर आवाज चढवायचा नाही. तसा मी चढवतच नाही. तरी लिहून ठेवलेलं बरं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपार.
संत्रं. एक साधं संत्रं! खुशीनं मागितलं, मी सोलून दिलं. सोललेलं नको. दुसरं दिलं. ते तिनं माझ्याकडूनच सोलून घेतलं आणि फोडी सुट्या केल्या म्हणून फरशीवर आडवी झाली. फोडी परत जोडून पाहिजेत. मी शांतपणे समजावलं की हे शक्य नाही. पुन्हा समजावलं. मग जरा स्पष्ट आवाजात समजावलं. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि बंद झालं. लोकांना कामं नाहीत.

मी ओरडलो नाही. ओरडणं वेगळं आणि आवाज पोचवणं वेगळं. आमच्या घराण्यातच आवाज मोठा. वडील शेताच्या या धुऱ्यावर उभे राहून त्या धुऱ्यावरच्या माणसाशी गप्पा मारत.

चहा गार झाला. गार चहा मला चालत नाही. हे या घरात कोणाला माहीत आहे?

गुरुवार, ६ फेब्रुवारी
सकाळचा कॉल. नाशिकचे एक डॉक्टर, सॉफ्टवेअर बंद पडलेलं, भयंकर तापलेले. मी त्यांना हळूहळू खाली आणत होतो. तेवढ्यात खुशीनं मगानं बाथरूममधलं पाणी हॉलमध्ये आणायला घेतलं. गादीला आंघोळ. मी म्यूट दाबलं आणि तिला दोन शब्द सांगितले.

म्यूट दाबलं गेलं नव्हतं.

डॉक्टर एकदम शांत. म्हणाले, तुमचं होऊ द्या, मी नंतर फोन करतो. म्हणजे केस क्लोजच झाली. तरी मॅनेजर मॅडमचा मेसेज: धर्मेंद्र, घरी सगळं ठीक ना? ठीकच आहे! पुण्याच्या लोकांना वऱ्हाडी ऐकू आली की भांडण चाललंय असंच वाटतं. उद्या त्यांना तसं सविस्तर लिहिणार आहे.

गादी वाळत नाही. ऊन कुठे मेलं?

शनिवार, ८ फेब्रुवारी
संध्याकाळी कॉलनीच्या बागेत. घसरगुंडीजवळ आयांचा घोळका. पुढारी पौर्णिमाताई, बालवाडीत शिकवतात. गीतांजली नावाची एक, तिचा मुलगा माती खातो. त्या त्याबद्दल हसत बोलत होत्या. हसत! मी ऐकत उभा राहिलो, मग पुढे होऊन त्यांना लोह, जंत आणि शिस्त हे तिन्ही मुद्दे समजावले. सगळ्या गप्प झाल्या. चांगलं ऐकलं की माणसं गप्प होतात.

दरम्यान खुशीनं एका पोराची बादली घेतली आणि देईना. मी तिथूनच हाक मारली. बागेतली सगळी मुलं उभी राहिली. एक रडलं. मुलं फार नाजूक करून ठेवली आहेत लोकांनी.

पौर्णिमाताईंनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. ‘चिमण्यांचे पालक’. मी एकटाच पुरुष असेन. हरकत नाही, त्यांना गरज आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
ग्रुपवर कोणीतरी विचारलं, पोरगी दात घासू देत नाही, काय करावं? उत्तरं काय, तर ‘आमचीही नाही देत’, ‘हाहा’, ‘हिंमत ठेव बाई’. हे उत्तर आहे? मी सविस्तर व्हॉइस मेसेज टाकला. पूर्ण झाला नाही म्हणून दुसरा. त्यातल्या चुकांबद्दल तिसरा. शेवटच्यात मागून खुशी रडताना ऐकू येते, कारण मी तेव्हा तिचे दात घासत होतो. प्रात्यक्षिकच झालं.

रात्री ग्रुपचं सेटिंग बदललेलं. आता फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात. बरोबर केलं. बाकीच्यांच्या हाहामध्ये माझे मुद्दे वाहून जात होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी
खुशीला नवा खेळ सापडला आहे. लपाछपी. दिवाणाखाली शिरते, पार कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. आज वरण सांडल्यावर गेली. मग माझी चार्जरची वायर ओढल्यावर गेली. इतर मुलं लपली की खिदळतात आणि सापडतात. ही आवाजसुद्धा करत नाही. डोळे मिटून घेते. मी वाकून पाहिलं तरी हसत नाही. पक्की खेळाडू!

अडीचव्या वर्षी एवढी एकाग्रता. ज्योत्स्नाला सांगितलं. ती वरणाचे डाग पुसत राहिली. दमलेली असते. गाडीत जागा मिळत नाही म्हणे. मला तरी कुठे मिळते जागा? माझ्या खुर्चीवर खुशी बाहुल्यांची आई होऊन बसलेली असते.

बुधवार, १९ फेब्रुवारी
आईचा फोन. मी परत बोलावणार नव्हतोच, फक्त सहज विचारलं की केव्हा येतेस. बोलता बोलता खुशीनं पाण्याचा पेला उलटा केला, तिला मी जागच्या जागी समज दिली. आई म्हणाली, “कावून रे, एवढ्याशा लेकराले कावून डाफरून राहिला? तुह्या बापाचा आवाज मोठा होता, पण तो बैलावरही असा वरडला नाही.”

मी सांगितलं, हे डाफरणं नाही, याला बाउंड्री सेट करणं म्हणतात. तिनं फोन ठेवला. मी परत लावला. तिनं उचलला नाही. परत लावला. शेवटी मावशीनं उचलून सांगितलं, ती वावरात गेली. या वेळी? उन्हात? सगळ्यांना फक्त पळता येतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी
बागेत आज एक बाप आला. बंडूभाऊ. वरूडकडचे, संत्र्याचा व्यापार, इथे दोन मजली घर. जुळी पोरं, साडेतीन वर्षांची, अंगावर पुरेसे कपडे नाहीत. मला बरं वाटलं, कोणीतरी बोलायला मिळालं. पण या माणसाकडे सिस्टिमच नाही! पोट्टे वाळू उडवून राहिले, हा बाकावर बसून पाहत होता. विचारलं, तुमची पद्धत काय? म्हणाला, पद्धत कायची, मले तर रोज वाटते का या पोट्ट्यायले वरूडच्या बाजारात इकून यावं.

हा असा विनोद. मुलांसमोर.

मी त्याला बाउंड्रीबद्दल सांगितलं आणि व्हिडिओ पाठवायला नंबर घेतला. तो ‘हो का’ म्हणत राहिला. नंतर खुशी पडली, तर मी जायच्या आधीच ती उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. जवळ होता म्हणून. मी जास्त जवळ होतो, पण कोन वेगळा होता.

बुधवार, २६ फेब्रुवारी
शेवटी कदर झाली!! पौर्णिमाताईंचा स्वतंत्र मेसेज. रविवारी त्यांच्या घरी पालकांची बैठक. विषय: लहान मुलं आणि आपला राग. ‘खुशीचे पप्पा, तुम्ही नक्की या. तुमच्यामुळेच हा विषय घेतलाय.’ पुढे हात जोडलेले.

माझ्यामुळेच. प्रमुख वक्ता म्हणून सरळ लिहायला संकोच वाटला असेल. स्लाइड्स करायला घेतल्या. पहिली स्लाइड: चिडलेल्या कस्टमरकडून पालकांनी काय शिकावं.

शनिवार, १ मार्च
स्लाइड्स तयार होत्या. होत्या! खुशीनं कणकेचा गोळा कीबोर्डवर लाटला. बटणांमध्ये कणीक. ‘र’ उमटत नाही. रागावरच्या भाषणात ‘र’ नाही! मी काय बोललो ते आठवत नाही, फार नाही, पण टेबलावर हात आपटला असावा, कारण तळहात दुखतो आहे. खुशी खेळायला दिवाणाखाली गेली. ज्योत्स्ना घरी होती. स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, निदान आज तरी. निदान आज तरी काय? वाक्य पुरं करायची पद्धत नाही या घरात.

खुशीला बाहेर काढायला ज्योत्स्ना स्वतः दिवाणाखाली गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. दोघी खेळत बसल्या. मी एकटा टाचणीनं कणीक काढतोय.

रविवार, २ मार्च. दुपार.
पहिल्या तीन ओळी लिहून खोडल्या. उन्हाचा परिणाम.

प्रोजेक्टर नाही. माइक नाही. खुर्चीसुद्धा नाही, सतरंजीवर गोल करून बसायचं. मुलं आतल्या खोलीत. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो, ज्योत्स्ना शेजारी. पौर्णिमाताई म्हणाल्या, भाषण कोणीच करायचं नाही, ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं. मग हे लोक सांगायला लागले. गीतांजलीनं सांगितलं, ती बाथरूमची कडी लावून आत बसते आणि पोरगा बाहेरून दार वाजवत राहतो. एकीनं ताट फेकलं होतं. स्वतः पौर्णिमाताई, चाळीस मुलं सांभाळणारी बाई, घरी मुलीला चिमटा काढला म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बंडूभाऊ म्हणाला, “मी मारलं एकाले. दोघंही लहान हायेत, कोनाले मारलं तेही धड पाहिलं नाही. मंग ट्रकमंधी जाऊन बसलो.” कोणी त्याला उपाय सांगितला नाही. बाजूच्या बाईनं फक्त पाण्याचा गिलास पुढे केला.

माझी पाळी आली. मी स्पष्ट सांगितलं की मला हा प्रॉब्लेम नाही. आवाज मोठा आहे, राग नाही. पुरावा म्हणून खुशीचा खेळ सांगितला. ती माझ्याबरोबर किती रमते, घरात दिवसातून किती वेळा लपाछपी होते, दिवाणाखाली कशी डोळे मिटून निपचित बसते.

कोणी हसलं नाही. बंडूभाऊ खाली पाहत होता. मग म्हणाला, “भाऊ, रागवू नका. तो खेळ नाही. पोरगी भेते तुमाले.”

मी उठलो. मी त्याला बरंच सांगितलं. त्याची पद्धत, त्याची वाळू, बाजारात विकायचा विनोद, सगळं. पोरं आतून दारात येऊन उभी राहिली. मी ज्योत्स्नाकडे वळलो आणि म्हटलं, तू सांग यांना. तू सांग, खेळते ना ती?

ती सतरंजीचा धागा ओढत राहिली.

सोमवार, ३ मार्च. सकाळ.
रात्रभर मुद्दे काढले. एक, बंडूनं खुशीला जेमतेम दोनदा पाहिलंय. दोन, ज्या माणसानं स्वतः पोराला मारलं त्यानं मला शिकवू नये. मी कधी बोट लावलेलं नाही. तीन, भिणारं मूल रडतं. ही रडत नाही. चार, ज्योत्स्ना दमलेली होती.

ज्योत्स्ना गाडीला गेली.

आज सिद्ध करणार. दिवसभर आवाज चढवणार नाही. चढवतच नाही, पण आज मोजून. ती दिवाणाखाली गेली नाही की पौर्णिमाताईंना मेसेज आणि बंडूला व्हिडिओ. मॅनेजर मॅडमकडून सुट्टी घेतली. कारण विचारलं नाही त्यांनी.

दुपार.
उत्तम चाललं आहे. खिचडी खाल्ली. अर्धी अंगाला लावली, मी काहीही म्हटलं नाही. संत्रं न सोलता दिलं. तिनं सालीसकट चावून थुंकलं. पुसलं. आम्ही ठोकळ्यांचं घर बांधलं. माझ्या मांडीवर पाय ठेवून ती वरचा ठोकळा ठेवत होती. पाहिलंत बंडूभाऊ? भिणारं मूल मांडीवर पाय ठेवतं का?

संध्याकाळ.
स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेलो. कोपर लागून पातेल्याचं झाकण खाली पडलं. स्टीलचं, फरशीवर गोल गोल फिरून वाजत राहिलं. मी वाकून उचललं. एवढंच.

बाहेर आलो तर ठोकळे तिथेच होते आणि खुशी नव्हती.

दिवाणाखाली होती. कोपऱ्यात. डोळे मिटलेले. मुठी गच्च.

मी खाली बसलो. म्हटलं, खुशी, झाकण पडलं बेटा. तिनं डोळे अजून घट्ट मिटले. हात आत घातला तर भिंतीला आणखी चिकटली. मी हात काढून घेतला.

काय करावं कळेना. आईला फोन लावला, लागला नाही. मग बंडूभाऊला लावला. काय म्हणून लावला, माहीत नाही. म्हटलं, पोरगी बाहेर नाही येऊन राहिली. कालचं काही तो बोलला नाही. मी विचारलं, काय करू? म्हणाला, “मले काय माहीत बावा. माह्यावाले पोट्टे अजूनही माह्या गाडीचा आवाज आला का आजीमांगं जाते. तुमी वढू नका तिले. बसा तिथंच.” त्याच्या मागे पोट्टे ओरडत होते. फोन ठेवायची घाई त्याला नव्हती. आम्ही दोघंही कितीतरी वेळ फोन धरून बसलो.

अंधार पडायला लागला. दिवा लावायला उठलो नाही.

जिन्यात ज्योत्स्नाच्या चपला वाजल्या. कुलपाला किल्ली लागायच्या आतच खुशी दिवाणाखालून निघाली, माझ्या गुडघ्यांना वळसा घालून दाराशी धावली. ज्योत्स्नानं तिला उचललं. केसांतलं जळमट काढलं. माझ्याकडे पाहिलं. विचारलं, आता काय बोलले तुमी तिले?

काहीच नाही, मी म्हटलं.

आणि हे खरं होतं. मी काही बोललोच नव्हतो.