ओसरीवरचा गळ

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तुमच्याशी बोलावंसं खूपदा वाटलं, भांडावंसं मात्र कधी वाटलं नाही. काल वाटलं. काल दुपारी मुगाच्या शेंगा फोडता फोडता सासूबाईंनी तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली आणि माझा हात सुपातच थांबला. एकोणीस वर्षं तुम्ही दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलंत! म्हणून हे पत्र. पण भांडण नंतर. आधी तळ्याचं सांगते, कारण तुम्ही असतात तर नातवंडांच्याही आधी पाण्याची आणि वाऱ्याचीच खुशाली विचारली असतीत.

गळाला लावायचा चारा मळायचं काम माझं होतं, आठवतं? आपल्या जिंतूरकडच्या गावात सगळे कापसाच्या आणि सोयाबीनच्या गोष्टी करायचे, तुम्ही एकटे रोहू आणि कटला माशांच्या. शेतातून आलात की मला हाक, "उषे, गोळी मळ." ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग. उन्हाळ्यात गोळी घट्ट, कारण कोमट पाण्यात ती लवकर सुटते. थंडीत हरभऱ्याच्या दाण्याएवढी, कारण तेव्हा माशाला भूकच नसते.

"थंडीत मासा म्हाताऱ्यावानी आसतो," तुम्ही सांगायचात. "ऊन अंगावर आल्याबिगर तोंड उघडत न्हाई." म्हणून पौष-माघात तुम्ही जेवण करून, सुपारी कातरून निवांत निघायचात आणि वैशाखात तांबडं फुटायच्या आत. आई कपाळाला हात लावायची. "रानात कधी इतक्या टायमावर गेलात का?" म्हणायची. तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात.

धरणावर पोचलात की आधी गाल ओला करून वाऱ्याकडे धरायचात. बाकीचे सावलीचा, निवाऱ्याचा काठ बघून बसायचे. तुम्ही नेमके तिथं, जिथं लाटा येऊन पायाला लागतात. "वारं जिकडं ढकलतंय तिकडं पान्यावरचा किडा जातो, आन् मासा त्याच्या मागं जातो. आपुन माशाच्या मागं जावं." गळाच्या दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली की तुमचं बोलणं बंद. काडी आडवी पडली तर रोहू, सरळ बुडाली तर मिरगल, हे तुम्ही मासा दिसायच्या आत सांगायचात. चुकलात तर म्हणायचात, "आज त्यानं फसवलं."

पण गळ कधी माझ्या हातात दिला नाहीत. "मळनारा हात येगळा, धरनारा हात येगळा," असा तुमचा कायदा. दत्ताला, सख्ख्या मुलालाही दिला नाहीत, म्हणून तेव्हा मी मनाची समजूत काढली. पण एकदा तरी द्यायचा होता की हो! तेवढ्यानं काय धरण आटणार होतं?

आषाढात ओढ्याला पाणी आलं की पोटात अंडी घेऊन मासे धारेच्या उलट वर चढायचे आणि गावातले लोक टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन धावायचे. त्या दिवसांत तुम्ही गळ ओसरीच्या खुंटीवरून काढायचा नाहीत. "बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई ती. तिची वाट आडवावी का?" कुणीतरी खोड काढायचं, "आप्पा, मासा बी माहेरी जातो व्हय?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "जातो की. सासरी त्याला कोन इचारतंय?" मग हसणारे हसायचे आणि टोपली उचलून ओढ्याकडे जायचेच. तुम्ही ओसरीवरच बसायचात.

आणि एक दिवस, मी दहा वर्षांची असेन, भादव्यातलं मळभ होतं. तीन दिवस ऊन नाही, पान हलत नाही, अंगाला नुसती चिकचिक. पाण्यावर शेकडो मासे तोंड काढून होते. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र गळ गुंडाळायला लागलात. "आभाळ खाली आलंय, वारं मेलंय. हे भुकेनं वर आलेले न्हाईत, पोरी. त्यांचा जीव गुदमरायलाय. मरणाऱ्याच्या तोंडात घास घालू ने आन् गळ बी." एवढं बोलून घरी आलात. हे वाक्य मी विसरले होते असं मला वाटत होतं.

विसरायचंच होतं ना मला सगळं. सातवीत वर्गातली एक मुलगी माझ्या दप्तरापासून सरकून बसली. "हिच्या पुस्तकाला मासळीचा वास येतोय. हिचा बाप रान सोडून भोयाचं काम करतोय." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी चारा मळणं सोडलं. तुम्ही एकदाच हाक मारलीत. मी "अभ्यास आहे" म्हणाले. पुढे तुम्ही स्वतःच मळू लागलात आणि हिंग कायम जास्त पडायचा.

मग वालूरजवळच्या या गावातून मला बघायला पाहुणे येणार म्हणून निरोप आला. माळकरी घर, अंगणात तुळस, सासूच्या गळ्यात माळ. मी आदल्या दिवशी तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, तो गळ ओसरीवरून काढा. आन् तुमी मासे धरता हे त्यांना सांगू नका." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात. स्वतःच्या हातानं गळ खुंटीवरून काढलात आणि गोठ्यात आढ्याला खोचलात. तो मग कायम तिथंच राहिला. माझ्या लग्नानंतरही तुम्ही तो परत ओसरीवर आणला नाहीत. मासे धरायला जायचात, आलात की गळ गोठ्यात.

पाहुणे येऊन, पसंती कळवून गेले. दोन दिवसांनी तुम्ही बियाणं बघायला म्हणून वालूरला गेलात. संध्याकाळच्या एसटीनं रिकाम्या हातानं परत आलात. आईनं विचारलं तर म्हणालात, "पसंत न्हाई पडलं." हे मला नीट आठवतं, कारण तुम्ही बियाण्यासाठी इतक्या लांब कधी गेला नव्हतात.

लग्नानंतर इकडे येताना तुम्ही लिंबानं हात घासून यायचात. मला कळायचं. एकदा आमच्या शेताशेजारच्या पाझर तलावाच्या बांधावर आपण उभे होतो, सासूबाईही होत्या. तुमचा हात आपोआप गालाकडे गेला, तुम्ही वाऱ्याकडे तोंड केलंत आणि "या तळ्याला..." एवढं म्हणालात. मी डोळे मोठे केले. तुम्ही गाल पुसलात आणि म्हणालात, "...पानी बरं हाय." आप्पा, या तळ्याबद्दल तुम्ही काय सांगणार होतात? परवापासून मी हेच स्वतःला विचारते आहे.

तर परवाचं ऐका.

गेल्या वर्षी गावातल्या बायकांच्या गटानं हा तलाव ठेक्यानं घेतला आणि त्यात बोटुकली, माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडली. रोहू, कटला, मिरगल, तिन्ही. गटाच्या चंद्रकलाताई दारोदार फिरल्या. मलाही विचारलं. मी म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही. किती सहज म्हणाले! मासे चांगले वाढले, दिवाळीला काढायचं ठरलं होतं. बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर केलेलं काम.

मागच्या आठवड्यात मळभ धरलं. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी मूग तोडताना बघितलं, मासे वर तोंड काढून आहेत. बायका खूश. "भुकेजलेत बिचारे," म्हणून त्यांनी पेंडीची पोती ओतली. मी बांधावरून बघत होते. तुमचं वाक्य कानात होतं. सासूबाई शेजारच्या ओळीत होत्या. मी मान खाली घातली आणि शेंगा तोडत राहिले. हे तुम्हाला सांगायची लाज वाटते, पण सांगते.

परवा सकाळी गेले तर पाण्याला वास सुटला होता. पेंड काठाला फसफसत होती. सगळं तळं तोंडं काढून होतं आणि काही मासे पांढरं पोट वर करून काठाला लागले होते. चंद्रकलाताई पायरीवर बसून रडत होत्या. एक जण म्हणत होता, कुणीतरी औषध टाकलं. दुसरा म्हणत होता, अजून पेंड टाका, ताकद येईल. दोघी जणी पोतं उचलायलाही गेल्या.

आणि मी ओरडले, आप्पा. "पेंड टाकू नका! भूक न्हाई त्यांना, जीव गुदमरायलाय. पानी हलवा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलतच सुटले. इंजिन लावा, तळ्याचंच पाणी उचला आणि उंचावरून परत तळ्यात पडू द्या. पाणी फुटलं पाहिजे, त्यात वारं मिसळलं पाहिजे. लाइन दहाला येणार होती, तोवर थांबून चालणार नव्हतं. आमच्या यांनी गोठ्यातलं डिझेलचं इंजिन ट्रॅक्टरवर घालून आणलं. शेजारच्यांनी त्यांचं आणलं. बायका गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि घमेल्यांनी पाणी वर उडवायला लागल्या. मीही उतरले. काठावरची पेंड आम्ही टोपल्यांनी बाहेर काढली. दहाला मोटारी सुरू झाल्या. दुपारी बाराच्या सुमारास माझ्या ओल्या गालाला गार लागलं. पश्चिमेकडून वारं सुटलं होतं. बघता बघता एकेक तोंड पाण्याखाली गेलं. थोडे मेले. बाकीचे वाचले, आप्पा. तुमचे मासे वाचले.

चंद्रकलाताईंनी माझा हात धरला. "ताई, तुमाला हे कसं काय मालूम?"

सासूबाई मुगाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर उभ्या होत्या. सहज म्हणता आलं असतं, कुठंतरी वाचलं होतं, मोबाइलवर बघितलं होतं. ते तोंडाशी आलंही होतं. पण चिखलात उभी राहून मी मोठ्यानं म्हणाले, "माझे वडील गळ टाकायचे. आख्ख्या जिंतूर भागात पान्यातलं त्यांच्याएवढं कुनाला कळत नव्हतं. त्यांचा चारा मी मळायचे." बोलताना खूप अभिमान वाटला. सासूबाईंनी पाटी सावरली आणि त्या घराकडे गेल्या. रात्रीच्या जेवणातही त्या विषयावर शब्द नाही. मला वाटलं, झालं.

काल दुपारी शेंगा फोडताना त्यांनी एकदम विचारलं, "तुझ्या बापाचा गळ कुठं हाय?"

मी म्हणाले, दत्ताच्या गोठ्यात.

"मागवून घे. एकुनीस वर्सं मी या दिवसाची वाट बघायलेय."

आणि मग त्यांनी सांगितलं. पसंतीनंतर दोन दिवसांनी तुम्ही त्यांच्या ओसरीवर आला होतात. चहासुद्धा घेतला नाहीत, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "मी गळ टाकतो, मासे खातो. चालत नसंल तर आत्ताच न्हाई म्हना. चालत आसंल तर एक करा, तुमाला हे मालूम हाय आसं पोरीला कळू देऊ नका. तिला शरम वाटायलीय. वय हाय तिचं. एक दिवस ती आपल्या तोंडानं सांगंल."

मी विचारलं, "मग तुमी हो कसं म्हनलात?"

"खानं-पिनं ज्याच्या त्याच्या घरी," त्या म्हणाल्या. "पन आशी गोष्ट जो मानूस आधी येऊन सांगतो, त्याची पोर नको म्हनायला मी काय येडी हाय का?"

म्हणजे बियाणं पसंत पडलं नव्हतं ते हे! आणि तुम्ही लिंबानं हात घासून यायचात ते यांच्यासाठी नव्हतं. यांना सगळं माहीत होतं. ते फक्त माझ्यासाठी होतं. मला सांगायचं होतं ना, आप्पा. निदान शेवटच्या आजारपणात तरी! मी तुमच्या उशाशी आठ दिवस होते. पण तुम्ही वाट बघत राहिलात आणि मी उशीर केला. या उशिराबद्दल मी कुणाशी भांडू?

आज सकाळी दत्ताला फोन केला. तो दुपारी मोटरसायकलला गळ बांधून आला. बांबूची काठी अजून सरळ आहे, तंगुसाची दोरी बदलावी लागेल, मोरपिसाची काडी उंदरानं थोडी कुरतडली आहे. सासूबाईंनी स्वतः ओसरीत खुंटी ठोकून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिला तोच दिसतो. बघून म्हणाल्या, "आता ठीक हाय."

आप्पा, तुम्हाला शब्द देते. पौषात, ऊन वर आल्यावर, वारं ज्या काठाला ढकलत असेल तिथं बसून मी पहिल्यांदा गळ टाकीन. गटाला विचारूनच. चारा मीच मळीन आणि काठीही मीच धरीन. तुमचा तो कायदा आजपासून मोडला. आषाढात मात्र गळ खुंटीवरून निघणार नाही. आणि तू कुणाची, असं कुणीही विचारलं तर उत्तर द्यायला पुन्हा एकोणीस वर्षं लावणार नाही.

तुमचा चारा मळणारी,
उषा