नाव चुकलंय, नळ नाही

२ ऑक्टोबर, सकाळ
जन्मभर खाणीत पाइप जोडले. आता स्वतःच्या स्वयंपाकघरात नवा नळ, अख्खा पाइप तांब्याचा. चिंगोला शहरात खाणीच्या साहेबांच्या बंगल्यातही असं काम नसेल.
लेक न्कांडू बाळंतपणाला आलीय. अंगावरचं दूध पुरत नाही, नातीला डब्याचं द्यावं लागतं. त्याला पाणी याच नळाचं, तेही पहाटेचं पहिलं, रात्रभर तांब्यात मुरलेलं. नातीला बायकोचं नाव दिलं, मुबांगा. गेलेल्याचं नाव दिलं की ते माणूस बाळाबरोबर घरी येतं. मुबांगा गेल्यापासून घर खायला उठायचं. आता नाही उठणार.

६ ऑक्टोबर
नात रोज सकाळी दूध ओकते. न्कांडू पाणी उकळून घेते, म्हणजे पाण्याचा प्रश्न मिटला.
सिंकमध्ये नळाखाली निळसर हिरवा डाग. मुबांगाला ज्या चितेंगेत, तिच्या नेसायच्या कापडात, गुंडाळून पुरलं, त्याचा रंग हाच. लिंबू आणि राखेने घासून काढला. ठरवलं, तिकडे बघायचं नाही.

९ ऑक्टोबर, पहाटे
बघितलं. डाग परत आलाय.
मुबांगा रागावलीय. कशावरून, आठवत नाही. या घरातल्या नळाचं पाणी तर ती प्यायलीच नाही. रिटायर झाल्यावर न्हाणीघरात तांब्याचे पाइप घातले, तेव्हापासून मुबांगा बादली घेऊन शेजारच्या बाना चिसालाच्या हातपंपावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गप्पांना निमित्त, दुसरं काय.
बाळ सारखं आजारी पडलं की नाव चुकलेलं असतं, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. बदलणार.

१० ऑक्टोबर
पिठाचं पाणी शिंपडून मुबांगाला निरोप दिला. जीव तुटला, पण नातीसाठी. नवं नाव कातोंगो, माझा थोरला भाऊ. मुलगी असली म्हणून काय झालं?

१२ ऑक्टोबर
कालपासून वीज नाही. बोअरचा पंप बंद, नळ कोरडा. न्कांडू शेजारून पाणी आणते. नात हसते, बाटली संपवते. नाव लागू पडलं. अशा बाबतीत माझा अंदाज सहसा चुकत नाही.

१४ ऑक्टोबर
वीज आली. नात ओकली. कातोंगोही रोज सकाळी ओकायचा, हे लक्षात घ्यायला हवं होतं. पण तो आदल्या रात्रीच्या बिअरमुळे.
आता आत्याचं नाव, चोंबा. न्कांडू म्हणाली, "ताता, घराण्यातली मेलेली माणसं संपली की जिवंतांना हात घालणार का?" फार उद्धट झालीय.
डाग वाढलाय. पाठमोरा उभा राहूनच नळ सोडतो.

१७ ऑक्टोबर
नात डोळे उघडेना. न्कांडू तिला उचलून दवाखान्यात धावली, मी मागून. सलाइन लावलं. नर्सने दूध कोणत्या पाण्यात कालवता ते विचारलं. न्कांडूने डागाचंही सांगितलं. नर्स म्हणाली, बोअरचं पाणी आंबट असेल तर रात्रभरात नवा पाइप खातं, तांबं पाण्यात उतरतं, उकळून जात नाही. मी ऐकवलं की या गावाला तांब्यानेच पोसलंय.
"पोसलं असेल, आजोबा," ती म्हणाली. "पण पाजू नका."

२० ऑक्टोबर, संध्याकाळ
नात घरी आली. मुबांगाची बादली शोधून बाना चिसालाकडे गेलो. ती पंप मारत होती. मी विचारलं, मुबांगा पाण्याबद्दल कधी काही बोलली होती का.
"बोलायची ना, बाशी-न्कांडू. म्हणायची, पाणी तोंडात चावतं, पोटात ढवळतं. पण न्कांडूच्या बापाला सांगू नकोस, त्याने हौसेने बसवलेत पाइप."
त्या पाण्यातलं दूध नातीच्या पोटात राहिलं. तिचं नाव पुन्हा मुबांगा केलं. आता बायको परत येते की नाही, कुणास ठाऊक. पिठाचं पाणी शिंपडून मीच तिला घालवलंय.
पाइप आजच काढणार होतो. खांदा भरून आलाय. बादली जड आहे.