झाकणाच्या चार कड्या

रविवार, १२ ऑक्टोबर
दुपारचे अडीच

प्रिय बारक्या,

सहा वर्षांनी ताईचं अक्षर पाकिटावर बघून तू ते आधी उलटसुलट करून पाहिलं असशील, मग बायकोच्या हातात देऊन "तूच वाच" म्हणाला असशील. तसं केलं असशील तर तिच्याकडून परत घे. हे तुझं तुलाच वाचायचं आहे. नंतर तिला खुशाल दे.

तुम्ही सगळे बरे असाल. इकडे बाबा ठीक आहेत. चौऱ्याऐंशी पूर्ण झाली, कान गेले, जीभ शाबूत आहे. सकाळी फाटकाशी उभे राहून पेपरवाल्याला रोज एकच प्रश्न विचारतात, "आज कुठं अडकलास?" सायकलचं दुकान बंद करून अकरा वर्षं झाली, तरी शेजारपाजारचे लोक सायकल घेऊन येतात आणि हे अंगणात स्टूल टाकून पंक्चर काढून देतात. माझा गुडघा तसाच आहे. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. मी म्हटलं, त्यापेक्षा डॉक्टर बदलणं सोपं.

तुझ्या घरची खबर मला तुझी बायको देते, हे तुला माहीत नसेल तर आता झालं. तिच्यावर चिडू नकोस, मीच गळ घातली होती. तू लिफ्ट दुरुस्त करतोस, तुझं नाव चांगलं आहे, मालक दुकान तुझ्यावर टाकून निर्धास्त असतो, हे सगळं कळतं. माणसांना वर न्यायचा धंदा काही तू सोडला नाहीस. भाची पोहायला शिकली तेही कळलं. आणि हेही कळलं की घरातून निघताना तू कुलूप लावतोस, जिना उतरतोस, पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघतोस, पुन्हा उतरतोस, पुन्हा चढतोस, आणि त्या दोघी खाली रस्त्यावर ताटकळत उभ्या राहतात. तुझ्या बायकोने हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

आता कामाचं. तीन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी, आमच्याकडचं एकतिसावं आणि शेवटचं विमान झालं. आदेश आल्याचं तू ऐकलं असशीलच. आपल्यासारखं आणखी चार ठिकाणी घडलं, तेव्हा वरच्यांना जाग आली. या जातीच्या प्रत्येक विमानाच्या इंजिनाच्या झाकणांना नवं कुलूप बसवायचं, अठरा महिन्यांच्या आत, नाहीतर विमान जमिनीवर उभं. सक्ती म्हणजे सक्ती.

कुलूप मात्र झकास आहे, तुला आवडेल. झाकणाखालच्या चारही कड्या लागल्याशिवाय त्याची किल्ली निघतच नाही. किल्लीला वीतभर लांब लाल पट्टी आहे, ती लांबूनही दिसते. कड्या लावायच्या, किल्ली काढायची आणि नेऊन वैमानिकाच्या हातात द्यायची. किल्ली हातात नाही तर उड्डाण नाही. पूर्वी कसं होतं ते तुला मी काय सांगू. दोन्ही झाकणं वरून लोंबतात आणि कड्या असतात पार पोटाखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर. कड्या न लावताही झाकणं आपल्या वजनाने अशी मिटून बसतात की उभ्या माणसाला बंदच वाटावीत. खरं बघायचं तर जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

त्या शुक्रवारी किल्ली ताब्यात घ्यायला आलेला वैमानिक जरा बोलघेवडा होता.

"मॅडम, आता ही किल्लीपण आम्हीच सांभाळायची का?"

"तुम्हीच. ती तुमच्या हातात आली म्हणजे कड्या लागल्या."

"आधी काय करायचात?"

"आधी खाली आडवं होऊन बघायचो."

"मग तेच बघायचं ना! त्याला असा कितीसा वेळ लागतो?"

"सात सेकंद," मी म्हटलं.

तो हसला. "मोजलेत की काय?"

मोजलेत. चौकशी संपल्यावर दोनेक वर्षांनी एका रविवारी मी हँगरमध्ये एकटी गेले, घड्याळ लावून इंजिनाखाली आडवी झाले, चारही कड्या पाहिल्या आणि उठले. या गुडघ्यासकट सात सेकंद. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वैमानिक गेला आणि माझ्यासमोर काम पूर्ण झाल्याचा कागद आला. त्यात एक रकाना आहे, 'बदलाचे कारण'. त्यात छापलंय, "कड्या न लागल्याने उड्डाणात झाकण निखळण्याच्या घटना. मूळ कारण : मानवी चूक." त्याखाली मुख्य तपासनीस म्हणून माझी सही. तीस विमानांच्या तीस कागदांवर मी ती डोळे मिटून ठोकली होती. एकतिसाव्यावर पेन टेकवलं आणि हात चालेना. मानवी चूक. म्हणजे आपण दोघं. त्यातला एक घरी गेला आणि दुसरीचा फोटो अजून व्हरांड्यात लटकतोय.

मी फिरून फिरून भोपळे चौकात करते आहे असं तुला वाटत असेल, आणि ते खरं आहे. तर सरळ लिहिते.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी कामावर एक माणूस आला नव्हता आणि दोन विमानं उभी होती. तू झाकणं खाली घेतलीस, आता कड्या लावायच्या, तेवढ्यात मी शेजारच्या विमानापासून ओरडले, "बारक्या, ते राहू दे, आधी इकडे येऊन हे चाक बघ." तू आलास. अर्धा तास चाकापाशी गेला. परत गेलास, हत्यारं गोळा केलीस, मी कागद घेऊन आले आणि उभ्या उभ्या विचारलं, "कड्या लावल्यास ना?"

तू म्हणालास, "हो ताई."

आणि मी सही केली.

नियम काय आहे? दुसऱ्या माणसाने विचारायचं नाही, बघायचं. नव्या लोकांना हा नियम शिकवणारी मीच. बरं, तू कुणी परका असतास, तर म्हणता आलं असतं की माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. पण तुझा "हो ताई" मला ठाऊक होता रे. दात घासलेस? हो ताई. गृहपाठ झाला? हो ताई. पत्र पेटीत टाकलंस? हो ताई, आणि पत्र खिशात. प्रश्न पुरा व्हायच्या आत तुझं उत्तर तयार. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तेव्हा ही सवय मीच लावली, कारण दुसरं काही बोललास की माझं व्याख्यान सुरू व्हायचं. तुझ्या त्या "हो"ला काडीचा अर्थ नसतो हे जगात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, आणि त्या सकाळी कागद तिच्याच हातात होता.

गुडघा दुखत होता म्हणून मी वाकले नाही, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं आहे. गुडघा पुढच्या वर्षी बिघडला. त्या दिवशी दहा वाजता माझा फोटो काढणार होते, नव्या मुख्य तपासनीस म्हणून. अंगावर नवा फिकट गणवेश होता, त्याला तूच आदल्या दिवशी कडक इस्त्री करून दिली होतीस, आणि खाली तेलपाण्याचा राडा होता. बस, एवढंच कारण. व्हरांड्यातल्या फोटोत गणवेशावर एक सुरकुती नाही. जाता-येता मी तिकडे बघायचं टाळते.

पुढचं तुला ठाऊक आहे. विमान उठतानाच वारा आत शिरला, झाकण फाटून निघालं, पंखाला ठोकर मारून खाली फर्निचरच्या कारखान्याच्या आवारात पडलं. कामगार चहाला आत गेले होते म्हणून फक्त सायकलींची शेड सपाट झाली. विमान फिरून सुखरूप उतरलं. एकशे बारा माणसं होती. हा आकडा तूही विसरला नसशील.

मग ती चौकशी. लांब टेबल, तिघे जण, आपण शेजारी शेजारी. मला विचारलं, "तुम्ही खाली आडवं होऊन पाहिलंत?" मी म्हटलं, "पाहिलं. कड्या लागलेल्या होत्या." कसं निघालं तोंडातून देव जाणे, पण अडखळले नाही. मग तुला विचारलं, "तुमच्या बहिणीने पाहिलं होतं?" तू माझ्याकडे बघितलंस. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. आणि तू सावकाश म्हणालास, "हो. ताईने पाहिलं." मग कड्या उघडल्या कुणी? "मीच उघडल्या असतील. तेल बघायला. आठवत नाही."

जन्मात तेवढा एक "हो" तू विचार करून दिलास, आणि त्यात तुझा परवाना गेला. सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं आणि मी ते फुटू दिलं.

बाहेर व्हरांड्यात तू म्हणालास, "ताई, दोघांची नोकरी जाऊन काय उपयोग? बाबांना कोण बघणार?" त्यावर मी काय म्हणाले, आठवतंय? मी म्हणाले, "चल, चहा घेऊ." आपण दोघांनी मिळून बघितलं असतं बाबांना, मेल्या. एवढं साधं उत्तर होतं.

आणि बाबांचा तो निरोप. "माझ्या दुकानातून कधी एक सैल नट बाहेर गेला नाही. एकशे बारा माणसं! त्याला सांग, या घरात पाऊल टाकू नकोस." तो मी तुला फोनवर जसाच्या तसा सांगितला. एक शब्द कमी केला नाही. खरं बोलायला मी नेमकी तिथेच शिकले होते.

त्या शुक्रवारच्या कागदावर मी सही केली नाही. सोमवारी वरच्या कार्यालयात जाऊन सगळं लिहून दिलं आणि परवाना टेबलावर ठेवला. गेल्या रविवारी बाबांना सांगितलं. कान गेलेत, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी अशी ओरडून सांगितली की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातली चादर तशीच धरून थांबली.

"कोण वाकलं नाही?" बाबा म्हणाले.

"मी, बाबा! मी वाकले नाही! आणि चौकशीत खोटं बोलले!"

ते बराच वेळ हातातला पाना पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी सहा वर्षं भलत्याच पोरावर रागावलो."

"त्याच्याही हातून कड्या राहिल्या होत्या, बाबा. पण मी बघायचं होतं."

"आणि तू रोज माझ्यासमोर बसून जेवलीस."

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तुझा नंबर मागितला. कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दिलाय. रोज फोनपाशी जाऊन बसतात, कागद उलगडतात आणि पुन्हा घडी घालतात. तुझा आवाज आपल्याला ऐकू आला नाही तर काय, असं मला एकदा म्हणाले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. माझ्यावर तिथे कुणाचा विश्वास बसलेला नाही. खोटं बोलले तेव्हा पंधरा मिनिटांत खरं मानलं, आता खरं सांगतेय तर त्यांना वाटतंय, निवृत्ती चौदा महिन्यांवर आलीये, म्हातारी बहीण आता भावाला वाचवायला निघालीये. टेबलामागचा साहेब मला मायेने म्हणाला, "बाई, आम्ही समजू शकतो." मला त्याच्या टेबलावरचं पेनस्टँड फेकून मारावंसं वाटलं.

तुझ्या जुन्या जबानीत "ताईने पाहिलं" असं आहे, आणि ती तू बदलल्याशिवाय प्रकरण उघडत नाही. उघडलं तर तुझा परवाना परत मिळू शकतो. कड्या राहिल्याचा ठपका राहील, पण बघून ठीक म्हटल्यावर पुन्हा उघडल्या आणि विसरला, हा जो शेरा आहे तो पुसला जाईल. पुन्हा विमानाला हात लावायचा की नाही, ते तुझं तू बघ. पण दार तरी उघडं असू दे.

गुरुवारी, तेवीस तारखेला, सकाळी अकराला त्यांचा माणूस तुझ्या दुकानात येईल. तोच प्रश्न पुन्हा विचारील. मी तिथे नसेन, तेव्हा तुला माझ्याकडे बघावं लागणार नाही. माझं काय होईल याचा हिशोब तिथे करत बसू नकोस. तू तो करशील याचीच मला भीती वाटते, म्हणून फोन न करता हे सगळं लिहून पाठवते आहे. फोनवर मी बोलले असते आणि तू नुसता मान डोलावत राहिला असतास.

माफी मागत नाही. मागितली तर प्रश्न पुरा व्हायच्या आत तू "हो ताई" म्हणशील, आणि तो "हो" मला नको आहे. पाहिजे तेवढा वेळ घे. शेवटी नाही म्हणालास तरी ते तुझं स्वतःचं उत्तर असेल.

त्या माणसाला मात्र गुरुवारी सांग की तिने पाहिलं नाही.

वाकायचं होतं तेव्हा उभीच राहिलेली,
तुझी ताई