एमिलियाच्या हातची पेज

४ नोव्हेंबर १८८९, ठाणे

आलो बुवा एकदाचा! कल्याणची मास्तरकी संपली, पोरांची कटकट संपली. थोरली बहीण एमिलिया दारातच गळ्यात पडून रडली आणि लगेच, किती वाळलास म्हणून मलाच झापलं. घर खाडीच्या अंगाला, वारा झकास, जेवायला ताजे बोंबील. मेहुणा कॉस्मास पंधरवड्यापूर्वी अर्धांगाने पडला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याला उचलायला-बसवायला माणूस हवं म्हणून तर मला बोलावलं. होईल बरा. मग तिघं मिळून मजेत राहू.

७ नोव्हेंबर

आमच्या लोकांची रीत अशी की आजाऱ्याला भेटायला आलेला त्याला आपल्या हाताने भरवल्याशिवाय जात नाही. शेजारची स्टेला पेज आणते, कुणी माशाचं सार. उताण्या कॉस्मासच्या तोंडात पळीने ओततात. त्याला ठसका लागतो, तोंड काळंनिळं होतं, डोळे वाहतात. बायका म्हणतात, बघा, मायेने कसं भरून आलं! मी ओरडलो, तर एमिलियाने सुनावलं, की मास्तरकी शाळेत कर, माझ्या घरात नको.

९ नोव्हेंबर

डॉक्टर आणला. तो म्हणाला, मार मेंदूत बसलाय, पण गिळणं, श्वास, काळीज, लघवी या सगळ्यांचा लगाम तिथेच आहे. नाडी अडखळते तीही त्यामुळेच. घसा लुळा पडलाय, पेज पोटाऐवजी छातीत उतरतेय. निजवून थेंबही पाजू नका.

तो गेल्यावर एमिलिया कडाडली, की नवऱ्याला उपाशी मारू काय? त्या डॉक्टरला पुन्हा उंबरा चढू देणार नाही म्हणे. कप्पाळ माझं!

१२ नोव्हेंबर

आज पेज पाजताना ठसका लागला नाही. घरात आनंदीआनंद! स्टेलाने मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. अरे मूर्खांनो, त्याचं खोकायचं बळसुद्धा गेलं! छातीत घरघर — अंग तापलेलं — मी वाडगा भिरकावला. शेजाऱ्यांनी मला बाहेर काढून आतून कडी लावली. दार लागेपर्यंत कॉस्मास माझ्याकडे बघत होता.

१४ नोव्हेंबर

कॉस्मास गेला. भरल्या पोटी गेला, असं सगळे समाधानाने सांगताहेत. भरल्या छातीने गेला तो! संतापाने माझं डोकं फुटतंय. एमिलिया रडतेय, तिला तरी काय बोलू?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उठायला गेलो, डावा हात हलेना. पायही नाही — ओठ लोंबतोय. बोलतो ते माझं मलाच कळत नाही. उजवा हात शाबूत. कागदावर लिहिलं, मला निजवून काही पाजू नका. एमिलियापुढे धरलं. बापाने तिला शाळेचं तोंड दाखवलं नाही. शेजारीही तसेच. प्रार्थना लिहिली समजून तिने कागदाचा मुका घेतला, क्रुसाखाली ठेवला. पाद्री वाचेल — पण तो रविवारी येतो —

२० नोव्हेंबर

पळी. ठसका. जीव कासावीस — पुन्हा पळी. तोंड मिटलं तर स्टेला नाक दाबते. डोळे वाहतात. माया, म्हणतात —

२१, गुरुवार

छातीत घरघर. ही माझी — रविवारपर्यंत फक्त —

एमिलिया आली. खा रं माझ्या बाला, म्हणाली. पाजलं.

ठसका लागला नाही. हसतेय ती. स्टेलाला हाक मारतेय — मेणबत्ती आण —