बॉनेट बंद करून

सोमवार, ४ मार्च

आमची नवी हवेची नळी बसवून गाडीचे नऊ हॉर्सपॉवर वाढले. इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनोवाल्याने फोनवर दोनदा सांगितलं, मग कागदाचा फोटो पाठवला. दादाने तो आकडा लगेच खोक्याच्या डिझाइनवर चढवला — लाल, तळहाताएवढा.

पण गाडी पाठवताना त्याने डब्याचं झाकण काढून ठेवलं होतं. मला न विचारता! म्हणे, लाल फिल्टर दिसला पाहिजे, नाहीतर आपण काय बसवलं ते गिऱ्हाइकाला कळणार कसं. आठ महिने मी फिल्टरभोवती बंद डबा आखतेय तो कशासाठी? झाकण नसेल तर नळी बाहेरची थंड हवा घेतच नाही, इंजिनाभोवतीची तापलेली ओढते. आणि खोक्यावर नाव — 'कोल्ड एअर इनटेक'.

शुक्रवारी डब्याचा साचा कापायला जाणार. एकदा कापला की बदल नाही.

मंगळवार, ५ मार्च

दादाशी बोलले. तो म्हणाला, लोक आवाज विकत घेतात गं, आकडा नुसता सोबतीला असतो. वर डिझाइन-खात्याला नमस्कारही केला, हात जोडून. डिझाइन-खातं म्हणजे मी, एक टेबल आणि खिडकीतली कोरफड. मला धंद्यात येऊन एकोणीस वर्षं झाली, अजून पाहुण्यांना 'ही आमची धाकटी, ड्रॉइंग काढते' अशीच ओळख करून देतो.

बुधवार, ६ मार्च

स्वतः डायनोवर गेले. चाकं रोलरवर, बॉनेट सताड उघडं, आणि समोर दाराएवढा पंखा! डायनोवाला मला म्हणाला, "सगळे असंच मोजतात, ताई. बॉनेट लावलं तर आकडा येतो कुठे?"

रस्त्यावर बॉनेट उघडं टाकून कोण चालवतं? त्याला बॉनेट लावायला लावलं, पंखा छोटा घ्यायला लावला; डब्याचं झाकण मात्र दादाने काढलेलं तसंच. गाडी कंपनीच्या मूळ डब्यावर जेवढी ताकद देत होती, त्यापेक्षा तीन हॉर्सपॉवर कमी! तो कागदाकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याच गाडीचा आहे. सही करून घेतली.

गुरुवार, ७ मार्च

जेवताना कागद दादाच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने आमटीचं भांडं त्यावर ठेवलं.

चाचणीची गाडी वहिनीची. ती म्हणाली, चढावर दुसऱ्या गिअरवर यावं लागतंय, जे काय बसवलंय ते काढा आणि माझी गाडी मला द्या. दादा हसला — गाडी घेतल्यापासून जिने बॉनेट उघडलं नाही ती आता तज्ज्ञ झाली. वहिनी म्हणाली, "घरात बॉनेट उघडणारी दोन माणसं आहेत म्हणूनच नाही उघडलं."

मी हसले नाही. म्हणाले, "खोटा आकडा छापणार असशील तर ड्रॉइंगवरचं माझं नाव खोड." आवाज चढला होता माझा. चढू दे! साचेवाल्याला मी स्वतःच फोन करून सोमवारवर ढकललं.

शुक्रवार, ८ मार्च

झाकण लावून, बॉनेट बंद करून — सहा जास्त. स्वच्छ, खरे सहा. गेल्या महिन्यात मूळ डब्यावर, बॉनेट बंद ठेवूनच घेतलेल्या आकड्याशी तुलना करून.

दादाने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाला, झाकण पारदर्शक केलं तर? फिल्टरही दिसेल, हवाही थंड राहील. चांगली कल्पना आहे. मला सुचायला हवी होती. ते मात्र त्याला सांगितलं नाही.

शनिवार, ९ मार्च

खोक्यावर आता माझं वाक्य: '+६, बॉनेट बंद करून मोजलेले.' छपाईला गेलं. दादा म्हणाला, "सहा तर सहा. तू म्हणतेस म्हणजे खरे." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवार, १० मार्च

वहिनीची गाडी परत द्यायची म्हणून मूळ डबा फळीवरून काढला. गेल्या महिन्यात इंजिनावरून उतरवला तसाच फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आज उघडला. आतला फिल्टर काळाकुट्ट. घड्यांत पाचोळा, धूळ, मेलेला एक पतंग. गाडी घेतल्यापासून कोणी बदललेला नाही. दादाला वाटलं मी बदलते, मला वाटलं तो बदलतो.

म्हणजे माझी तुलना ह्याच्याशी होती. गुदमरलेल्या इंजिनाशी.

त्याच डब्यात बाजारातला साधा नवा फिल्टर टाकला. डायनोवाल्याला सुट्टीच्या दिवशी हातापाया पडून बोलावलं. बॉनेट बंद. तीनदा मोजलं.

गेल्या महिन्याच्या आकड्यापेक्षा साडेपाच जास्त. मूळ डब्यावरच, माझ्या नळीशिवाय.

डायनोवाला कागद घडी करून देताना म्हणाला, "हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, ताई." बुधवारी हाच माणूस पंखा लावतो म्हणून मी त्याला काय काय बोलले होते.

सोमवार, ११ मार्च, सकाळ

साचेवाला दहाला येणार. दादा ड्रॉइंगवर सही करण्याआधी माझ्याकडे बघेल, सहा ना, विचारेल.

मी नऊलाच दादाच्या टेबलाशी पोचतेय. तो काळा फिल्टर पिशवीत घेतलाय.