निळ्यातला पाहुणा

४ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस देवाच्या कृपेने छान गेला. गाव सोडताना जागेची काळजी होती, पण दोन खोल्या मनासारख्या मिळाल्या. लेकीचं अध्यापक विद्यालय इथून चालत दहा मिनिटांवर. तिने आल्या आल्या खिडकीजवळची जागा बळकावली आणि मला फर्मावलं की बाबा, तुमची खुर्ची दाराशी, पहाटे देवाचं नाव घेताना मला उठवायचं नाही.

स्टुडिओत जुने, खराब झालेले फोटो संगणकावर दुरुस्त करायचे असतात. मालकीणबाईंनी स्वतः शिकवलं. रंगीत फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन फोटो असतात, लाल, हिरवा आणि निळा. सुटे केले की तिन्ही राखाडी दिसतात. निळा काढून घेतला तर चित्र पिवळं पडतं, हिरवाही काढला तर नुसतं लाल उरतं, आणि लालही गेला की काळोख. वरून दिसणारा पिवळा डाग निळ्यात काळा दिसतो. बाई म्हणाल्या, निळ्यात सगळा कचरा साठतो, तिथे रेंगाळायचं नाही. हिरव्याची नक्कल त्यावर टाकायची आणि पुढे चालायचं. मी म्हटलं, आमच्या शाळेत शेजाऱ्याची पाटी पाहून लिहिलं की छडी बसायची. बाई हसल्या नाहीत.

माझा चष्मा घरी राहिला होता, तो द्यायला दुपारी लेक आली. बाईंनी सरावासाठी आमचा दोघांचा फोटो काढला. मी खुर्चीत, ती शेजारी स्टुलावर. हसता हसता तिचे डोळे मिटले आहेत.

७ मार्च, गुरुवार

एका शाळेतल्या शिक्षकांचा जुना फोटो आला. मागच्या रांगेशेजारी भिंतीवर उभा पिवळा डाग. लाल आणि हिरव्यात भिंत कोरी. निळ्यात मात्र तिथे एक माणूस उभा. पाठमोरा. कान दिसत होता, सदऱ्याची कॉलर मागे थोडी दुमडलेली. डागाला कॉलर कशी असेल, या विचारात बराच वेळ बघत बसलो.

पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. आलेल्या माणसाला उभं ठेवू नये, ही आईची शिकवण. सवयीने तोंडातून निघून गेलं, बसा. मग माझं मलाच हसू आलं. पण त्याच्यावर हिरव्याची नक्कल टाकायला हात होईना. तसाच ठेवून घरी आलो. लेकीला सांगितलं तर म्हणाली, बाबा, तुम्ही भुतालासुद्धा चहा विचाराल.

९ मार्च, शनिवार

तो फोटो पुन्हा उघडला. भिंत स्वच्छ झाली आहे. पिवळा डाग आता खुर्चीवर आहे, आणि निळ्यात तो बसलेला दिसतो. अजून पाठमोराच.

बाईंना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, बोललात त्याच्याशी? मी म्हटलं, बसा म्हणालो. त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या. मग भिंतीवरच्या त्यांच्या यजमानांच्या फोटोकडे बोट केलं. तो जुनेपणाने पिवळा पडला असेल असं मी समजत होतो. बाई म्हणाल्या, यांनी त्याला पाणी विचारलं होतं. आधी हे पिवळे झाले, मग लाल. मग नुसती खुर्ची राहिली.

मी विचारलं, मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, सांगितलं होतं की रेंगाळायचं नाही. डागाशी कोणी इतकं अदबीने वागेल असं वाटलं नव्हतं.

११ मार्च, सोमवार

भीत भीत आमचा फोटो उघडला. लाल, ठीक. हिरवा, ठीक. निळ्यात माझ्या शेजारच्या स्टुलावर लेक नाही. तो आहे.

घरी धावलो. तिचं कपाळ, हात, डोळ्यांतलं पांढरं, सगळं पिवळं. डॉक्टर कावीळ म्हणाले.

१२ मार्च, मंगळवार

तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा कागद बघत होते. मी आमच्या फोटोत हिरव्याची नक्कल निळ्यावर टाकली. फोटो लख्ख झाला. तासभर लेकीच्या चेहऱ्यावर रंग आला होता, शेजारीणही म्हणाली.

संध्याकाळी हिरवा उघडला. तिथेही तो.

१३ मार्च, बुधवार

लेक लाल झाली आहे. भट्टीसमोर उभी असावी तशी. अंगात ताप नाही. म्हणते, मला काही होत नाही, तुम्ही असं टक लावून बघू नका. पण भिंत धरून चालते.

बाईंना विचारलं, उपाय काय? त्या म्हणाल्या, माहीत असता तर ती खुर्ची रिकामी राहिली असती का?

१४ मार्च, गुरुवार

लाल तेवढा उरला आहे. त्यात ती आहे, मिटल्या डोळ्यांनी हसते आहे. पण तिच्या खांद्याशी एक कोपर आलं आहे, सरकून जागा करून घेणाऱ्या माणसाचं असतं तसं.

सकाळभर देवाचं नाव घेतलं. एक गोष्ट ध्यानात आली. तो वाईट नसेलही. मी बसा म्हणालो, कुठे ते सांगितलं नाही.

तिन्ही रंग एकेक करून उघडले आणि प्रत्येकापुढे हात जोडले. म्हणालो, ते स्टूल पोरीचं आहे. तुम्ही माझ्या जागी बसा.

१५ मार्च, शुक्रवार

तिचा रंग परत आला. पोटभर जेवली. मी दोन दिवस दाढी केली नाही म्हणून माझ्यावर करवादली. देवा, तुझे उपकार.

माझी नखं पिवळी आहेत.

१६ मार्च, शनिवार

लाल हात. कागदावर नीट टेकत नाहीत — लेकीला काही कळलेलं नाही. कळू नये.

फोटो उघडला नाही. उघडायची गरज —

१७ मार्च, रविवार

सकाळ आहे, उजेड भरपूर. तरी माझे हात मला —

ती चहा करते आहे. दोन कप काढले. मी खिडकीशी उभा राहून लिहितो आहे, ती अगदी जवळून गेली. धक्का लागला नाही.

दाराशी जाऊन म्हणाली, बाबा, आज पहाटे तुमचा आवाज आला नाही. बरं वाटत नाही का?

मी इथून ओ दिली. तिने ऐकलं नाही. कप पुढे धरून ती माझ्या खुर्चीशी —

खुर्ची रिकामी नाही. पाठमोरा — कॉलर मागे दुमडलेली — ती सरळ करायला तिने हात —

आणि तो पहिल्यांदाच तोंड वळवून