फाटकात वाजणारी गाडी

१२ जानेवारी, रविवार

परत आवाज! पुढच्या डाव्या चाकाकडून. फाटकातून आत वळताना — टक्, टक्. चाक निखळतंय की काय! ओट्यावर बसून पाणी प्यालो तेव्हा कुठे बरं वाटलं.

गाडी रुचीची. चौदा वर्षांची जुनी, लाल, बसकी. दारं चार, पण पळवायलाच बनवलेली. पोरीने स्वतःच्या पगारातून सेकंडहँड घेतली. मी म्हटलं होतं, ही आपल्या रस्त्यांवर पोट घासत जाईल. तर म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर मिठाचा ट्रक हाकलात, तुम्हाला काय कळतंय यातलं!" वर हसली.

गणपतीनंतर गेली. गाडीने काही केलं नाही तिचं. तापाने नेली. चौतीस वर्षांची.

गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते. म्हणून मी रेवदंड्याच्या बंदरापर्यंत नेतो आणि आणतो. दुसरं काही कारण नाही.

१५ जानेवारी, बुधवार

सत्यवती आज जेवली!

रुची गेल्यापासून तिची आई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. बोलत नाही. चहाचे दोन घोट, की झालं. काल शेजारची नलू वहिनी तिळगूळ घेऊन आली तर हिने हातसुद्धा पुढे केला नाही. डॉक्टर म्हणतात, अशी राहिली तर सलाईन लावायला न्यावं लागेल. मला झोप नाही. एक गेली, आता हीपण जाणार का?

आज संध्याकाळी मला घरात बसवेना, म्हणून गाडी काढली. परत आलो, फाटकात टक्-टक् वाजली, गाडी बंद केली — आणि स्वयंपाकघरात दिवा लागला. जाऊन बघतो तर ही चुलीपाशी उभी! तव्यावर सुके बोंबील. दोन ताटं. एक स्वतःचं. दुसरं खिडकीखाली, रुचीच्या जागेवर.

मी दारातच उभा. तिने माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे. पोर कामावरून आली असं वाटलं असेल तिला. गुपचूप बाहेर येऊन ओट्यावर बसलो. ती एकटीच जेवली. पोटभर जेवली. दुसरं ताट झाकून ठेवलं.

नंतर मी टोपातला उरलेला भात खाल्ला. त्या ताटाला हात लावला नाही. कसा लावणार?

१९ जानेवारी, रविवार

रोज गाडी काढतो. रोज तसंच. गाडी आली की उठते, दोन ताटं मांडते, जेवते. गाडी नेली नाही त्या दिवशी उठलीच नाही. शुक्रवारी मुद्दाम बघितलं करून. पुन्हा असलं बघायचं नाही.

नलू वहिनीला सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला. "भावजी, तिला वाटतं पोरगी आली. काय बोलू नका. जेवते तंवर जेवू दे."

आता ही गाडी बंद पडून चालणार नाही! एक दिवससुद्धा नाही. आणि त्या चाकाचं काही खरं नाही. वाटेत चाक मोडलं तर?

२३ जानेवारी, गुरुवार

चौलच्या नाक्यावर विनेशच्या गॅरेजात गेलो. रुची त्याच्याकडेच यायची. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली हलवलं. मग लोखंडी पहार घालून चाक धरणारा खालचा आर्म उचकटून दाखवला. रबरी बुश फाटलेले. बॉल जॉइंटला खेळ आलेला, खिळखिळा. शॉकअपमधून तेल गळतंय. लिंक रॉडही सैल.

"नक्की आवाज कशाचा?" मी विचारलं.

"काका, चार म्हातारे एका खोलीत खोकतायत. कोण खोकला कसं सांगू? सगळेच बदला."

बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं म्हणे. ऐकून लगेच होय म्हटलं.

मग पुढचा घोळ. शॉकअप कडक की नरम? रुचीने गाडी पळवायला कडक लावले होते. विनेश म्हणतो, तुमच्या वयाला नरम घ्या, आपल्या खड्ड्यांत कंबर शाबूत राहील. मी नरम म्हटलं. गॅरेजच्या दारापर्यंत गेलो, परत आलो, कडक म्हटलं. पुन्हा विचारात पडलो. गॅरेजातले सगळे हसायला लागले.

शेवटी कडकच. तिचे होते तसेच.

"बरं," विनेश म्हणाला. "हाडं तुमची, गाडी तायची."

२९ जानेवारी, बुधवार

काम झालं. मी दिवसभर स्टुलावर. नवीन आर्म चढवला, मी म्हटलं, आवळ आता नट, उगाच ढिला राहायचा. विनेश ओरडलाच! "काका, हा ट्रक न्हाय! गाडी खाली घेऊ दे. वजन अंगावर आलं की मग आवळायचा. हवेत लोंबकळताना आवळला तर रबर पीळ घेऊन बसतं, चार दिवसांत फाटतं." माझ्या ट्रकला असले लाड नव्हते.

घरी आलो. गाडी फाटकातून मांजरीसारखी आत आली. जरासुद्धा आवाज नाही! मीच माझ्यावर खूश.

ओट्यावर बसून दिव्याची वाट बघत राहिलो. दिवा लागला नाही.

३० जानेवारी, गुरुवार

नाही उठली.

२ फेब्रुवारी, रविवार

उठत नाही. दोनदा गाडी नेली, तीनदा नेली. हॉर्न वाजवला. हॉर्न काय, रस्त्यावर दिवसभर वाजतातच. पेज करून चमचा तोंडाशी नेला, तर तोंड फिरवलं.

आज लक्षात आलं. ती गाडीसाठी उठत नव्हती. त्या आवाजासाठी उठत होती! रुची यायची तेव्हा फाटकात हीच टक्-टक् वाजायची. आणि मी ती काढून टाकली. चांगले नवे भाग बसवून, वर पेढे वाटल्यासारखा खूश होऊन!

४ फेब्रुवारी, मंगळवार

विनेशकडे. म्हटलं, "आवाज परत पाहिजे."

"काय?"

"आवाज. जुना होता तो."

"काका, लोक आवाज घालवायला येतात माझ्याकडे! पित्त डोक्यात गेलंय काय तुमच्या?"

सगळं सांगितलं. तो हात पुसत उभा राहिला. मग हळू म्हणाला, "जुना माल मागच्या पिंपात हाय अजून. भंगारवाला आला न्हाय. पण आवाज बॉल जॉइंटचा असंल तर मी बसवणार न्हाय, काका. जीव जाईल तुमचा. माझ्या हातून न्हाय होणार ते."

म्हणजे आता शोधायचं, चौघांतला कोण वाजत होता. आवाज घालवायला सगळे एकदम बदलले, तेव्हा शोधायची गरज नव्हती. आता आवाज आणायचा तर एकच भाग हवा. तो बॉल जॉइंट निघाला तर? तर मी काय करू?

५ फेब्रुवारी, बुधवार

डोकं पिकलं. पण सापडलं!

शाळेपुढच्या गतिरोधकावर कधी आवाज यायचा नाही. तिथे दोन्ही चाकं बरोबर चढतात, बरोबर उतरतात. आवाज फक्त आमच्या फाटकात. तिथे गटारावर फरशी आहे आणि गाडी तिरकी वळते, त्यामुळे डावं चाक आधी चढतं, उजवं खालीच. एक वर आणि एक खाली असलं की ओढ कोणाला बसते? दोन बाजू बांधून ठेवणाऱ्या दांड्याला, आणि तो दांडा ज्याने चाकाकडे जोडलाय त्या लिंक रॉडला.

पळत — म्हणजे माझं पळणं ते — विनेशकडे गेलो. त्याने ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "बरोबर! लिंक रॉडच! त्याने जीव जात न्हाय, नुसता वाजतो. वळणावर जरा सावकाश घ्या, की झालं." मग म्हणाला, "काका, तायने तुम्हाला उगाच चिडवलं. कळतंय तुम्हाला."

पलीकडे तोंड फिरवून पिंपात वाकलो. वीतभर दांडा, गंजलेला. मीच काढला शोधून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टक्-टक्!

दिवा लागला. तव्यावर बोंबील चरचरले. दोन ताटं. जेवली ती. मी ओट्यावर बसून रडलो. आनंदाने म्हणू? जुनी गंजकी वस्तू बसवून बायकोला फसवतोय मी. रोज तिच्या मनात पोर येते, आणि रोज त्या ताटावर कोणी बसत नाही. हे पुण्य की पाप, कोणाला विचारू? नलू वहिनी म्हणते, विचारू नका.

१६ फेब्रुवारी, रविवार

जेवते. अंगावर थोडं मांस आलं. बोलत नाही अजून. ते दुसरं ताट मांडून झालं की दाराकडे बघते. माझ्याच्याने ते बघवत नाही. मी बाहेर येतो.

३ मार्च, सोमवार

अंगात कसकस. ताप आहे. गाडीचा टायर एका बाजूने घासतोय, अलाइनमेंट राहिलंय. विनेश म्हणाला, तुम्ही पडा, मी अलिबागला नेऊन आणतो दोन दिवसांत. माझ्या मनात एकच — उद्या ही जेवेल का?

५ मार्च, बुधवार

दुपारी ताप चढला होता. ओट्यावरच्या खाटेवर डोळा लागला. विनेश गाडी घेऊन गेलाय हे डोक्यातून गेलं होतं.

फाटकात टक्-टक् वाजलं आणि मी उठलो. अनवाणी धावलो. ओरडलो — "अगं ऊठ, रुची आली!"

कोणीतरी माझा दंड धरला. सत्यवती. कधी बाहेर आली कळलं नाही. "विनेश हाय तो," ती म्हणाली. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला! "पोरगी न्हाय यायची आता. बसा."

मी म्हटलं, मग तू रोज उठायचीस ती कोणासाठी?

"तुम्ही ती गाडी घेऊन जाता. फाटकात वाजली की कळतं, सुखरूप आलात; मगच उठून वाढावंसं वाटतं. मधे आवाज गेला तेव्हा तुम्ही आल्याचंच कळायचं न्हाय, जीव टांगलेला, घास उतरायचा न्हाय."

हात धरून मला आत नेलं. तवा तापलेलाच होता. दोन ताटं. एक खिडकीखाली.

"हे तुमचं. रोज तुमचंच वाढते. ती जागा रिकामी बघवत न्हाय मला, आणि तुम्ही बाहेर जाऊन बसता."

बसलो.